सीटचा रकाना रिकामा असेल तेव्हा: बजेट विमानात चढायचं कसं, बसायचं कुठे

तिकीट हातात आहे, पैसे भरलेले आहेत, पण 'सीट' या शब्दापुढे काहीच छापलेलं नाही. स्वस्त विमान कंपन्यांच्या प्रवासात हे अगदी नेहमीचं आहे, आणि बहुतेक लोक त्यावर एकच उपाय करतात: गेटवर लवकर जाऊन रांगेत उभं राहायचं. बऱ्याचदा या उपायाने पाय दुखण्यापलीकडे काही होत नाही. रिकाम्या रकान्याचे तीन वेगवेगळे अर्थ असतात. आपल्या वाट्याला त्यातला कोणता आलाय, हे आधी ओळखायला हवं.

पहिला अर्थ म्हणजे खरोखरची मोकळी बसणी. कुणालाच सीट नंबर नाही, जो आधी आत जाईल तो हवं तिथे बसेल. साउथवेस्ट ही अमेरिकन कंपनी १९७१ पासून अशीच चालली आणि २७ जानेवारी २०२६ पासून तिनेही नंबर द्यायला सुरुवात केली. युरोपातल्या ईझीजेटने ही पद्धत २०१२ मध्ये सोडली, रायनएअरने २०१४ मध्ये. मोठ्या कंपन्यांत ती आता जवळजवळ संपली आहे, पण आयत्या वेळी विमान बदललं की गेटवरून 'फ्री सीटिंग' अशी घोषणा होते आणि तासाभरापुरती ती पुन्हा जिवंत होते. तिचे डावपेच माहीत असलेले बरे.

दुसरा अर्थ सगळ्यात जास्त भेटणारा. सीट मिळणार आहे, पण चेक-इन करताना, आणि ती संगणक ठरवणार. पैसे भरून निवडली नाही, तर जी येईल ती.

तिसरा अर्थ सावध करणारा आहे. चेक-इन झालं, बोर्डिंग पासही आला, तरी सीटच्या जागी 'गेटवर मिळेल' अशा अर्थाचं काहीतरी किंवा नुसती रेघ. यावर पुढे स्वतंत्रपणे लिहिलंय, कारण इथे प्रश्न कुठे बसायचं हा नसून बसायला मिळेल की नाही हा असू शकतो.

कंपनीला काय हवंय

मोकळी बसणी वेळ वाचवते. १९७२ मध्ये साउथवेस्टला पैशांअभावी चारपैकी एक विमान विकावं लागलं, पण वेळापत्रक मात्र चार विमानांचंच चालवायचं होतं. म्हणून उतरलेलं विमान दहा मिनिटांत पुन्हा उडवायचं ठरलं. सीट नंबर नसला की माणूस '१७ ई कुठे' म्हणून वर बघत थबकत नाही. रिकामी जागा दिसली की बसतो. मागच्या ओळींपासून पुढे बोलावत चढवणं वरकरणी शहाणपणाचं वाटतं. पण तेव्हा एकाच भागातली सगळी माणसं एकाच वेळी बॅगा वर चढवू लागतात आणि अरुंद वाट तुंबते. भौतिकशास्त्रज्ञ जेसन स्टेफन यांनी २००८ मध्ये हे गणिताने दाखवलं: एका वेळी बॅग ठेवणारी माणसं विमानभर विखुरलेली हवीत, एका ठिकाणी गोळा झालेली नकोत. मोकळ्या बसणीत लोक आपसूकच विखुरतात.

एवढी सोय असताना कंपन्यांनी ती सोडली का? कारण सीट नंबर विकता येतो. खिडकी, वाटेकडेची सीट, पुढच्या ओळी, जास्त पाय पसरता येणाऱ्या ओळी, सगळ्याला वेगळा दर लावता येतो. म्हणजे पैसे न भरणाऱ्याला चांगली जागा आधीच देऊन टाकण्यात कंपनीचा काही फायदा नाही. पुढचे सगळे डावपेच या एका गोष्टीवर उभे आहेत.

चेक-इनची वेळ

सीट विकत न घेतलेल्यांसाठी ऑनलाइन चेक-इन बऱ्याचदा निघण्याच्या २४ तास आधी उघडतं. ज्याने सीट विकत घेतली, त्याला ते कित्येक दिवस आधी करता येतं. बंद कधी होतं हे कंपनीगणिक बदलतं. दोन तास आधी ही मर्यादा बरीच दिसते. दोन्ही वेळा तिकिटाच्या ईमेलमधून बघून फोनमध्ये गजर लावून ठेवा. परतीच्या प्रवासाचाही आत्ताच लावा. जाताना सगळे आठवणीने चेक-इन करतात आणि येताना विसरतात, कारण परतीच्या चेक-इनची खिडकी (म्हणजे मुदत) उघडते तेव्हा आपण भटकत असतो आणि इंटरनेटची खात्री नसते. ऑनलाइन चेक-इन राहिलं तर काही कंपन्या विमानतळावर त्याचे वेगळे पैसे लावतात, आणि ते स्वस्त तिकिटाइतके किंवा त्याहून जास्तही असू शकतात.

खऱ्या मोकळ्या बसणीत हिशेब सरळ असतो: जितक्या लवकर चेक-इन, तितका पुढचा क्रमांक. साउथवेस्टच्या पद्धतीत ए, बी, सी असे गट आणि प्रत्येकात १ ते ६० क्रमांक असत. खिडकी उघडल्यावर दहा मिनिटं उशीर झाला, तरी क्रमांक बराच मागे जाई. अशी पद्धत जिथे भेटेल तिथे खिडकी उघडण्याआधी दोन मिनिटं लॉग-इन करून बसा. बुकिंग क्रमांक आणि आडनाव आधीच भरून ठेवा, आडनावाचं स्पेलिंग तिकिटावर आहे तसंच.

संगणक सीट देतो तिथे मात्र हिशेब उलटाही पडू शकतो. सुरुवातीला खिडक्या, वाटेकडेच्या आणि पुढच्या सीट विकण्यासाठी राखून ठेवलेल्या असतात, म्हणून लवकर येणाऱ्या फुकट्याच्या वाट्याला मागची मधली सीट येण्याची शक्यता जास्त. विमान भरत गेलं, की स्वस्त मधल्या सीट संपतात आणि उरतात त्या न विकलेल्या महागड्या. अगदी शेवटी चेक-इन करणाऱ्याला त्यातली एखादी मिळून जाते. मात्र विमानात जागेपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली असतील, तर सीट न मिळणाऱ्यांत हाच शेवटचा माणूस असतो. एकट्याने, हातातल्या पिशवीवर, दिवसात दुसरं विमान असलेल्या मार्गावर जाणाऱ्याने हा जुगार खेळायला हरकत नाही. पुढे जोडविमान (कनेक्टिंग फ्लाइट) पकडायचं असेल, सोबत लहान मूल असेल किंवा सणासुदीची गर्दी असेल, तर नको. खेळायचाच असेल तर चेक-इन बंद होण्याच्या तासभर आधी उरका. शेवटच्या पाच मिनिटांत ॲप अडकलं तर कुणी ऐकून घेत नाही.

यातला एक नेहमीचा गैरसमज: सीट निवडायच्या पानावरचा नकाशा उघडून 'अरे, अर्धं विमान रिकामं आहे' असं म्हणणं. २४ तास आधीच्या नकाशावर फक्त विकलेल्या आणि आधीच वाटलेल्या सीट भरलेल्या दिसतात. ज्यांचं चेक-इन व्हायचंय ती माणसं त्यात कुठेच नसतात. नकाशा खरं बोलायला लागतो तो चेक-इन बंद व्हायला आल्यावर. तेव्हा पैसे न भरता नुसता उघडून बघा. मागच्या दहा ओळी मोकळ्या दिसल्या, तर विमान खरंच हलकं आहे, आणि आत गेल्यावर काय करायचं ते ठरवायला याचा उपयोग होतो.

सोबत माणसं असतील तर

सगळी तिकिटं एकाच बुकिंगमध्ये काढा. वेगवेगळ्या बुकिंगमधली माणसं एकत्र आहेत, हे संगणकाला कळायला मार्ग नाही. एका बुकिंगमध्ये असूनही शेजारी बसवण्याची हमी नसतेच. मोठा गट हमखास विखुरतो. एकाने सीट विकत घेतली की बाकीचे आपोआप त्याच्या शेजारी येतील, हा समजही चुकीचा.

बारा वर्षांखालचं मूल असेल तर कंपनीचा नियम चेक-इनच्या आधी वाचा. काही कंपन्या मुलाला एका मोठ्या माणसाजवळ फुकट बसवतात. काही ठिकाणी त्या मोठ्या माणसाला सीट विकत घ्यावी लागते आणि मग मुलाची फुकट मिळते. अशा वेळी एकाच पालकाची सीट घेणं पुरतं, दुसऱ्याला दोन तास एकट्याने बसायला काही होत नाही. पैसे वाचवायला नियम टाळून 'आत गेल्यावर बघू' म्हणणारे शेवटी अनोळखी माणसाच्या चांगुलपणावर अवलंबून राहतात. समोरच्यानेही आपल्या सीटचे पैसे मोजलेले असू शकतात.

मोकळ्या बसणीत मुलांसह येणाऱ्या कुटुंबांना बहुधा मधल्या टप्प्यावर सोडतात, अगदी पहिल्यांदा नाही. साउथवेस्टकडे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कुटुंबांना ए आणि बी गटांच्या मध्ये बोलावत. त्यामुळे पुढच्या ओळींची आशा सोडा आणि सरळ मागच्या एक-तृतीयांश भागाकडे चला, तिथे अख्ख्या ओळी मिळतात. तिघं असाल तर एक ओळ. चौघं असाल तर ३+१ करण्यापेक्षा मागेपुढे दोन ओळींत खिडकी आणि मधली अशा दोन-दोन जागा घ्या. दोन्ही मुलं खिडकीशी, दोन्ही पालक त्यांच्या शेजारी, आणि समोरच्या सीटला लाथा बसल्या तरी त्या घरच्याच माणसाला.

जागा अडवून ठेवण्याबद्दल: मागून येणाऱ्या एका जोडीदारासाठी विमानाच्या मागच्या भागात एखादी सीट धरली, तर सहसा कुणी काही म्हणत नाही. पाचव्या ओळीत बॅगा पसरून तीन सीट अडवल्या, तर भांडण होणारच, आणि क्रू तुमची बाजू घेणार नाही. आणीबाणीच्या दाराजवळच्या ओळीत जागा धरायचा प्रयत्नच करू नका.

बॅग: सीटपेक्षा मोठा प्रश्न

रांगेत पुढे घुसणाऱ्या बहुतेकांना खरं तर सीट नको असते, वरच्या कप्प्यात जागा हवी असते. म्हणून तुमची बॅग समोरच्या सीटखाली मावणारी असेल, तर निम्मी स्पर्धा संपलीच. तुम्ही शेवटी चढलात तरी बिघडत नाही.

फुकट नेता येणाऱ्या लहान बॅगेचं माप रायनएअर आणि विझएअर या युरोपातल्या कंपन्यांकडे ४० × ३० × २० सेंटीमीटर, तर ईझीजेटकडे ४५ × ३६ × २० आहे. मापात चाकं आणि मूठ दोन्ही धरली जातात. बॅग रिकामी असताना मोजून उपयोग नाही. पूर्ण भरा, जमिनीवर उभी करा आणि सगळ्यात फुगलेल्या ठिकाणी टेप लावा. पुढचा खिसा हा नेहमीचा गुन्हेगार: त्यात चार्जर आणि पाण्याची बाटली गेली की वीसचे पंचवीस होतात. मऊ कापडाची बॅग मापाच्या चौकटीत दाबून बसवता येते, कडक कवचाची एक सेंटीमीटरने अडकते.

मोठी बॅग घेऊन मागच्या गटात चढत असाल, तर ती गेटवरच ताब्यात घेऊन विमानाच्या पोटात टाकली जाण्याची तयारी ठेवा. १८० ते १९० जणांच्या विमानात प्रत्येकाची चाकांची बॅग वर मावत नाही, हे साधं अंकगणित आहे. तेव्हा गेटवर उघडून शोधाशोध करण्यापेक्षा आधीच एक कापडी पिशवी वरच्या बाजूला ठेवा आणि त्यात पुढच्या गोष्टी: पासपोर्ट, औषधं, चष्मा, घराच्या किल्ल्या, लॅपटॉप आणि पॉवर बँक. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या पोटातल्या सामानात चालतच नाहीत. तिथे आग लागली तर विझवायला कुणी नसतं. केबिनमध्ये १०० वॉट-अवरपर्यंत सहसा चालतं. हिशेब सोपा आहे: मिलीअँपिअर-अवर भागिले १०००, गुणिले ३.७. म्हणजे २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-अवर, आणि २७,००० ची जेमतेम शंभराच्या आत. छापलेला आकडा पुसला गेलेली पॉवर बँक सुरक्षा तपासणीत अडकू शकते.

गेटवर

तिकिटावरची वेळ ही विमान जागेवरून हलण्याची. गेट त्याआधी २० ते ३० मिनिटं बंद होतं आणि ते बंद झाल्यावर काचेपलीकडे विमान उभं दिसत असलं तरी सोडत नाहीत. १०:०० चं विमान असेल तर ९:३० नंतर स्वच्छतागृह, दुकान, फोन काहीही नाही. तिथल्या लेखी परदेशी असलेल्या पासपोर्टवर प्रवास करत असाल, तर काही कंपन्या गेटआधी काउंटरवर व्हिसा आणि कागदपत्रं तपासून घ्यायला लावतात. बोर्डिंग पासवरची बारीक अक्षरातली ओळ त्यासाठी वाचायची. ही तपासणी राहिल्याचं गेटवर कळलं तर मागे जायला वेळ उरत नाही.

रांगेत कधी उभं राहायचं? खिडकीतून बघा. विमान आलेलंच नसेल, तर रांगेला अर्थ नाही. ते आल्यावर आधीची माणसं उतरायची, केबिन आवरायची, मग तुम्ही. या सगळ्याला अगदी चपळ कंपन्यांनाही वीसेक मिनिटं लागतात. खिडकी नसेल तर उड्डाणं दाखवणाऱ्या एखाद्या ॲपवर तुमचं विमान अजून हवेत आहे का ते बघा. बोर्डिंग सुरू झाल्याचा फलक लागला, तरी फसू नका. वेळ वाचवायला पास आधीच तपासून लोकांना जिन्यात किंवा काचेच्या बोळात उभं करून ठेवणं ही या कंपन्यांची आवडती युक्ती आहे. प्राधान्याचे पैसे भरलेले लोकही तिथे सगळ्यांबरोबर उभे असतात. लहान मूल किंवा गुडघेदुखी असेल तर त्या जिन्यात लवकर शिरण्यापेक्षा गेटसमोर बसून राहा.

पासवर दोन आकडे गोंधळ घालतात. 'सीक्वेन्स' किंवा 'एसईक्यू' पुढचा आकडा म्हणजे तुम्ही कितवे चेक-इन केलंत तो क्रम. तो सीट नंबर नव्हे. गटाचा आकडा वेगळा, तो चढण्याचा. सीट नंबरमध्ये ओळ आधी आणि अक्षर नंतर असतं. तीन-तीनच्या रचनेत ए आणि एफ खिडकी, सी आणि डी वाटेकडेच्या, बी आणि ई मधल्या. काही विमानांत तेरावी ओळच नसते, त्यामुळे ओळी मोजत जाऊ नका, वाचत जा.

बस

विमान दूर उभं असेल तर मधे बस येते, आणि गेटवरची सगळी शर्यत इथे विस्कटते. अशा बसमध्ये शंभरेक माणसं मावतात, म्हणजे एका विमानाला दोन बस लागतात. पहिली बस भरेपर्यंत हलत नाही. तुम्ही पहिले चढलात, तर ढकलले जात आतल्या टोकाला पोहोचता आणि उतरताना शेवटचे ठरता. सगळ्यात चांगली जागा पहिल्या बसमध्ये शेवटी चढणाऱ्याची. म्हणजे रांगेत साधारण ऐंशी-नव्वद जणांच्या मागे असणं फायद्याचं, आणि त्यासाठी तासभर उभं राहावं लागत नाही.

यात एक खोच आहे. या बसना दोन्ही बाजूंनी दारं असतात, आणि विमानाजवळ कधीकधी चढलेल्या बाजूची न उघडता समोरची उघडतात. म्हणून दाराला पाठ लावून चिकटू नका. दाराच्या रेषेत, पण बसच्या मधोमध खांब धरून उभे राहा. कुठलीही बाजू उघडली तरी दोन पावलांत बाहेर. बस विमानापाशी थांबली तरी दारं लगेच उघडत नाहीत, क्रूने होकार द्यावा लागतो. ती तीन-चार मिनिटं पुढचा आणि मागचा जिना बघण्यात घालवा: दोन्ही लागलेत का, आणि कुठल्यापाशी गर्दी कमी होणार आहे.

सीट नंबर असेल तर साधारण पुढच्या अर्ध्या भागातल्या ओळींनी पुढचा जिना, मागच्या अर्ध्यातल्यांनी मागचा. पासवर बऱ्याचदा 'पुढचं दार' किंवा 'मागचं दार' लिहिलेलं असतं. २८ व्या ओळीचा माणूस पुढून शिरला, की त्याला अख्ख्या विमानाची बॅगा चढवणारी गर्दी फोडत जावं लागतं. मोकळ्या बसणीत मात्र मागचा जिना म्हणजे ठेवा आहे. बहुतेक लोक सवयीने पुढे जातात, आणि मागून शिरणाऱ्याला शेवटच्या आठ-दहा ओळी जवळजवळ कोऱ्या मिळतात. उतरताना विमान इमारतीला जोडणाऱ्या पुलाला (एरोब्रिजला) लागलं, तर फक्त पुढचं दार उघडेल आणि तुम्ही शेवटी बाहेर पडाल. जोडविमान पकडायचं असेल तर हा सौदा करू नका.

दारातून आत

मोकळ्या बसणीत जागा ठरते ती पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत. दारातून आत आलात की वर कप्प्यांकडे बघू नका, सीटच्या पाठींवरून नजर फिरवा. डोकी दिसतात. कुठल्या ओळीत दोनच डोकी आहेत, कुठल्या ओळीत एक, हे चालता चालता कळतं. पुढच्या ओळी आधी भरतात. खिडक्या आणि वाटेकडेच्या सीट संपत जातात आणि मधल्या सीट तेवढ्या रिकाम्या उरतात. पंखाच्या पुढे वाटेकडेची सीट दिसली तर तिथेच थांबा. 'अजून मागे बरी मिळेल' म्हणत गेलात आणि नाही मिळाली, तर गर्दीविरुद्ध परत येता येत नाही. हे विसरलेली माणसं शेवटच्या ओळीत, स्वच्छतागृहाच्या भिंतीला टेकून, मागे न कलणाऱ्या सीटवर बसलेली दिसतात.

पंखावरच्या आणीबाणीच्या दारांजवळ पाय पसरायला जागा असते, पण अटी आहेत: मूल सोबत नको, सीटच्या पट्ट्याला जोडपट्टा लागणारा प्रवासी नको, गरज पडली तर दार उघडण्याची ताकद आणि तयारी हवी, आणि उड्डाण-उतरणीच्या वेळी पायाशी एकही पिशवी नको. दोन दारं लागोपाठ असतील तर पुढच्या दाराच्या ओळीतली सीट सहसा मागे कलत नाही. पहिल्या ओळीतही पिशवी वरच ठेवावी लागते, कारण समोर सीटच नाही. 'खिडकी' म्हणून मिळालेली प्रत्येक सीट खिडकीची नसते हेही ध्यानात ठेवा: बोइंग ७३७-८०० मध्ये पंखाच्या पुढे वातानुकूलनाची नळी भिंतीतून वर जाते, आणि रायनएअरची ११ ए सीट त्यामुळेच भिंतीकडे तोंड करून बसलेली आहे.

दोघं असाल, विमान हलकं असेल, तर खिडकी आणि वाटेकडेची घेऊन मधली मोकळी सोडा. शेवटच्या माणसांना मधल्या सीट नको असतात, ती रिकामी राहू शकते. कुणी आलंच तर लगेच सरका. विमान भरलेलं असल्याची घोषणा झाली असेल, तर हा खेळ फक्त अनोळखी माणसाला तुमच्या गप्पांच्या मध्ये बसवतो.

बॅग वर ठेवताना आधी ओळीत शिरा किंवा किमान एक पाय ओळीत घ्या, म्हणजे मागचा माणूस पुढे जातो. जॅकेट आणि लहान पिशवी सीटखाली, वर फक्त मोठी बॅग, अरुंद बाजू बाहेर. डोक्यावर जागा नसेल तर कप्पा पुढे शोधा, मागे नाही. पाच ओळी मागे ठेवलेली बॅग घ्यायला उतरताना सगळं विमान रिकामं होईपर्यंत बसावं लागतं.

गडबड होते तेव्हा

एकाच सीटवर दोन माणसं: उभ्याने वाद घालू नका. दोघांचे पास शेजारी धरा. तारीख आणि उड्डाण क्रमांक तपासला की बऱ्याचदा एक जण चुकीच्या ओळीत निघतो. खरोखर दोघांचा नंबर एकच असेल तर क्रूला सांगा, आणि दुसरी सीट मिळेपर्यंत पुढच्या मोकळ्या भागात थांबा.

विमान बदललं: १८९ जणांच्या जागी १८० जणांचं आलं, की नकाशा जुळत नाही. गेटवर नवे पास देतात किंवा थेट मोकळी बसणी जाहीर करतात. सीटसाठी पैसे भरले असतील तर त्या पावतीचा आणि जुन्या पासचा फोटो काढून ठेवा आणि परतावा नंतर लेखी मागा. गेटवरच्या माणसाला तो देता येत नाही, त्याच्याशी भांडून फक्त जागा जाते.

पासवर सीटच नाही: गेटचं टेबल उघडताच, रांगेच्या आधी, तिथे जाऊन शांतपणे विचारा की सीट आहे का. बऱ्याचदा कारण साधं असतं. उरलेल्या सीट विकण्यासाठी अडवून ठेवलेल्या असतात आणि शेवटी सोडतात. पण तिकिटं जास्त विकली गेली असतील, तर युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार कंपनीला आधी स्वखुशीने मागे राहणारे शोधावे लागतात. स्वखुशीने मागे राहायचं की नाही हा तुमचा निर्णय. पुढचं विमान कधीचं, जेवण आणि मुक्काम कोण देणार, हे लेखी मिळाल्याशिवाय हो म्हणू नका.

सीट बदलून हवी: चढणं चालू असताना वाटेत उभं राहून मागू नका. मागायची तर आपल्याकडची चांगली सीट देऊन मागा. वाटेकडेची देऊन मधली मागितली तर कुणीही उठेल, मधली देऊन खिडकी मागितली तर नकार ऐकायची तयारी ठेवा.

मागे अख्खी ओळ रिकामी दिसत असली तरी दारं बंद होईपर्यंत हलू नका, शेवटची बस अजून यायची असेल. दारं बंद झाली की क्रूला विचारून सरका, पट्ट्याची खूण लागण्याच्या आधी. हलक्या विमानात कधी नाही म्हणतात. काही ओळी वजनाचा तोल राखायला मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या असतात, तेव्हा उड्डाणानंतर पट्ट्याची खूण विझली की पुन्हा विचारा. जास्त पायजागेच्या ओळी रिकाम्या असल्या तरी फुकट मिळत नाहीत, आणि तिथे जाऊन बसलेल्याला सगळ्यांसमोर उठवलं जातं.